केझायाचा विस्तव

आगपेटी अजून डोंगर चढून वर आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नीट बसा. आणि शेवटी सगळं गोड होतं का, असं मला मध्येच विचारू नका. या गोष्टीत गोड काही नाही.

साता समुद्रापलीकडं अमेरिकेत केंटकी म्हणून मुलूख आहे. तिथं तेव्हा नुसते डोंगर आणि दाट रान. दोन डोंगरांच्या बेचक्यात एक लांबट खोरं, त्यातून वाहणारा ओढा, आणि ओढ्याच्या कडेनं एकमेकांपासून लांब लांब बांधलेली ओंडक्यांची घरं. रान तोडून पहिल्यांदा तिथं राहिले ते टॅकेट घराण्यातले, म्हणून त्याला टॅकेट खोरं म्हणायचे. लोक कष्टाचे. मका पेरायचा, डुकरं पाळायची, आणि हिवाळा कसा जाईल याची वर्षभर काळजी करायची.

आता तुम्ही म्हणाल, गोऱ्यांचा मुलूख, त्यांचं आपलं काय जुळणार! अहो, आपल्या आज्या-पणज्या सकाळी हातात शेणी घेऊन शेजारी विस्तव मागायला जायच्या की नाही? तस्संच तिथंही. चकमक प्रत्येक गड्याच्या कमरेला असायची, नाही असं नाही. रानात शेकोटी करायची तर खुशाल करावी. पण घरातल्या चुलीत चकमकीची आग चालायची नाही. का, तर चकमकीवर पाडलेली आग अनाथ. तिला आई ना बाप. ती घरात आली की घरातलं कुणीतरी एक मागून घेते, अशी समजूत. म्हणून चुलीतली आग आईकडून लेकीकडं जायची, शेजारणीकडून शेजारणीकडं जायची. रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे, सकाळी राख बाजूला करून फुंकर घालायची. चूल कधी म्हणून विझू द्यायची नाही. घरात कुणी आजारी असलं तर मुळीच नाही. आजाऱ्याचा जीव आणि चुलीतला जाळ एकाच दोरीला बांधलेले असतात, असं ते लोक मानायचे.

तर या खोऱ्यात, अगदी वरच्या टोकाला, जेथ्रो टॅकेटचं घर होतं आणि त्याची बायको होती केझाया.

केझाया डोंगरापलीकडून लग्न होऊन आली तेव्हा दागिना आणला नाही, कापडचोपड आणलं नाही. आणलं ते एक लोखंडी मडकं, तीन पायांचं, आणि त्यात आईच्या चुलीतले निखारे. ती आग तिच्या आईला तिच्या आजीनं दिलेली, आजीला पणजीनं. कुठल्या काळी पेटली होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वाटेत पाऊस लागला, नदी लागली, घोडं घसरून पडलं. असं म्हणतात की नदीच्या मधोमध ती गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती आणि मडकं डोक्यावर होतं, आणि मडक्यातले निखारे तसूभरही काळे पडले नाहीत.

तिच्या चुलीतून मग सगळ्या खोऱ्यानं विस्तव नेला. एकेकाची आग काही ना काही कारणानं विझायची, आणि तो खापर घेऊन वर चढायचा. केझाया द्यायची, पण फुकट नाही द्यायची, आधी तोंडानं भाजून काढायची. "काय गं, विझली चूल? नवऱ्याच्या तोंडाकडं बघत बसली होतीस वाटतं!" असं म्हणायची आणि निवडून निवडून चांगले निखारे घालायची. विस्तव न्यायला आलेल्यानं बसायचं नाही, अशी रीत. त्यानं उभ्याउभ्या बोलणी खायची आणि पळायचं. लोक हसत हसत जायचे. कारण तिच्या हातचा विस्तव घरी पोचेपर्यंत कधी विझला असं झालं नाही. ती उघड्या हातानं निखारा उचलायची आणि हाताला फोड यायचा नाही, असंही म्हणतात.

तिला तीन मुलं. थोरला ओबेद, मधली लेटी, आणि धाकटा एसा, जो अजून नीट बोलत नव्हता. बाहेर तिखट असलेली ही बाई पोरांपुढं मात्र लोणी व्हायची. सकाळी उठल्यावर एसाचे गार पडलेले हात ती ओंजळीत घ्यायची आणि तोंडानं फुंकर घालून ऊब द्यायची. चुलीला पहिली फुंकर आणि एसाच्या हातांना दुसरी, असा तिचा दिवस उगवायचा.

मग तो हिवाळा आला.

आपल्याकडं पूर्वी घटसर्प म्हणायचे ना, तो रोग. पोरांचा घसा धरतो, आत करडा पडदा येतो, आणि लेकरू श्वासासाठी तडफडतं. खोऱ्याच्या खालच्या तोंडाशी तो शिरला आणि घराघरानं वर चढू लागला. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्यानं त्यानं दार लावून घेतलं. कुणी कुणाकडं जाईना. आया दिवस दिवस पोर मांडीवर घेऊन बसायच्या. लाकडं कोण फोडणार, चूल कोण बघणार?

केझायाचं घर सगळ्यात वर. दारात उभं राहिलं की खालच्या घरांची धुराडी दिसायची. एके सकाळी तिनं बघितलं तर पार्थेनाच्या घरातून धूर नाही. पार्थेना म्हणजे तरणी विधवा, पदरात एक मुलगा, टोबियस. नवरा झाडाखाली सापडून गेलेला. केझायानं बराच वेळ वाट बघितली. धूर येईना. तिनं मडकं घेतलं आणि निखारे भरायला लागली.

जेथ्रो दारात आडवा आला. "कुठं निघालीस?"

"पार्थेनाची चूल विझलीय."

"विझू दे. तिचं पोर आजारी असणार. आपल्या घरात तीन लेकरं आहेत, केझी."

"म्हणूनच सांगते, सरका बाजूला. पोर आजारी आणि चूल गार, मग ते जगायचं कसं? आणि मी रिकाम्या हातानं नाही जात. आग घेऊन जातेय. आगीजवळ रोग टिकतो होय? जळून जातो तो."

ती हे मनापासून बोलत होती, बरं का. खोऱ्यात सगळे तसंच मानायचे. आग सगळं शुद्ध करते. मग आग हातात घेऊन चालणाऱ्या माणसाला रोग चिकटेल कसा? जेथ्रोलाही ते पटायचं. तो बाजूला झाला. पुढं आयुष्यभर त्या बाजूला होण्याचं त्याला फार दुःख झालं.

पार्थेना चुलीपाशी बसली होती, टोबियसला छातीशी धरून. पोराचे ओठ निळे पडले होते. केझायाला बघून ती म्हणाली, "मावशी, राख गार झाली. आता जाणार माझा टोबी." तिथंही वडीलधाऱ्या बाईला मावशी म्हणायची पद्धत आहे.

"जाणार कुठं? गप बस!" केझायानं निखारे चुलीत ओतले, गुडघे टेकले आणि ऊर भरून फुंकर घातली. असं म्हणतात की जाळ एकदम धुराड्यापर्यंत गेला. मग तिनं टोबियसला मांडीवर घेतलं, तोंडाजवळ तोंड नेऊन त्याचा श्वास ऐकला, बोटाला फडकं गुंडाळून त्याच्या घशातला तो पडदा, तो घाणेरडा पडदा, ओढून काढला, आणि पोरगं खोकलं, रडलं आणि जगलं.

झालं! त्या दिवसापासून ती थांबलीच नाही. ज्या धुराड्यातून धूर दिसेना त्या घरी ती जायची. चूल पेटवायची, लाकडं रचायची, पोराला मांडीवर घ्यायची, बाईला दोन घास भरवायची आणि पुढच्या घरी जायची. बर्फ मांडीएवढं होतं. असं म्हणतात की ती चालायची तिथं बर्फ आपोआप वितळायचं आणि मागं ओल्या काळ्या मातीची वाट राहायची. असं म्हणतात की रानातला प्यूमा, म्हणजे तिथला वाघच, एकदा वाटेत बसला होता. त्यानं मडक्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घालून निघून गेला. काही पोरं गेली. पण बरीच जगली. लोक दाराच्या फटीतून तिला दुवा द्यायचे. तिची बोलणी ऐकायला मिळाली की घरातल्या माणसांना रडू यायचं, आनंदाचं.

आणि संध्याकाळी ती घरी यायची. उरलेले निखारे आपल्या चुलीत परत ठेवायची. तिन्ही पोरं धावत येऊन तिच्या अंगाला बिलगायची. ती तिघांना आपल्या शालीत घ्यायची, आणि एसाचे हात तोंडापाशी धरून फुंकर घालायची.

पहिल्यांदा लेटीचा घसा धरला.

केझाया घाबरली नाही. इतकी पोरं वाचवली होती, स्वतःची वाचवता येणार नव्हती? तिनं चुलीत लाकूड घातलं ते असं, की घरात उभं राहवेना. फडकं गुंडाळून घसा साफ केला. लेटी गेली. मग ओबेद पडला. त्यानं फार झुंज दिली, थोरला होता ना. जाताना म्हणाला, "आई, उकडतंय, चूल कमी कर." तिनं नाही कमी केली. त्याचं शेवटचं मागणं तिनं मोडलं, त्याला जगवायचं म्हणून. तोही गेला. मग एसा. एसाला बोलता येत नव्हतं, त्यामुळं त्यानं काही मागितलं नाही.

चूल धडधडत होती. एका क्षणासाठी विझली नव्हती. आणि घरात एक लेकरू उरलं नव्हतं.

घरामागच्या उतारावर जेथ्रोनं तिन्ही खड्डे एकट्यानं खणले. जमीन दगडासारखी गोठली होती, कुऱ्हाडीनं फोडावी लागली. तो घरात आला आणि चुलीपाशी बसला. केझाया म्हणाली, "हे आपल्या घरात आलं कुठून हो? इथं वर कोण आलं होतं?"

जेथ्रो चांगला माणूस होता. त्याला तिचं काळीज फाडायचं नव्हतं. पण दमलेल्या माणसाच्या तोंडाला कुलूप राहत नाही. तो म्हणाला, "कुणी आलं नाही, केझी. आणि या घरातून बाहेर तूच गेलीस."

बोलून गेला आणि त्यानं तोंडावर हात ठेवला. पण काय उपयोग? केझाया त्याच्याकडं बघत राहिली. मग स्वतःच्या हातांकडं बघितलं. एकेक घर तिला आठवलं, मांडीवर घेतलेलं एकेक पोर आठवलं, आणि संध्याकाळी आपल्या पोरांना घेतलेली ती शाल आठवली. आग हातात होती, पण रोग तिच्या श्वासात होता, तिच्या कपड्यांत होता. तिनं स्वतः तो घरी आणला होता. असलं कळणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

ती उठली. पाण्याची बादली उचलली. जेथ्रो ओरडला, "केझी, नको!" पणजीची, आजीची, आईची ती आग. केझायानं सगळी बादली चुलीत ओतली. वाफेचा लोट उठला आणि घर पांढरं झालं. वाफ खाली बसली तेव्हा चुलीत नुसता काळा चिखल होता.

आणि असं म्हणतात की त्याच क्षणी खोऱ्यातली एकूण एक चूल विझली. सगळ्या तिच्याच आगीच्या लेकी ना! कुणाच्या चुलीवर मक्याचा सांजा शिजत होता, कुणी हात शेकत होतं, आणि बघता बघता निखारे काळे पडले. सगळ्या धुराड्यांचा धूर एकदम तुटला. लोक दारात येऊन वर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सगळं खोरं वर चढून आलं. पोरांना गोधड्यांत गुंडाळून आणलं होतं, कारण गार घरात ठेवणार कुठं? सगळे अंगणात उभे राहिले. आत जायचं धाडस कुणाला होईना. आणि चकमक प्रत्येकाच्या कमरेला होती. पण पाडणार कोण? नवी आग घरातलं एक मागते. ज्यांची पोरं जगली होती त्यांना ती द्यायची नव्हती, आणि ज्यांची गेली होती त्यांच्याही पदरात एखादं उरलं होतं. पुरुष एकमेकांकडं बघायचे आणि मान वळवायचे.

केझाया बाहेर आली. विझलेल्या चुलीसारखीच दिसत होती ती. एकालाही टोमणा मारला नाही, आणि त्यानंच लोक जास्त घाबरले.

पार्थेना पुढं आली. टोबियस तिच्या कडेवर कुडकुडत होता. "मावशी," ती म्हणाली, "मला तोंड दाखवायला जागा नाही. माझं पोर जगलं आणि तुझी..." तिनं टोबियसला आणखी जवळ ओढलं. "पण हा गारठून मरेल गं."

केझायानं टोबियसकडं बघितलं. फार वेळ बघितलं. त्या वेळी तिच्या मनात काय आलं ते कुणी सांगू शकत नाही. काही म्हणतात, तिला तो उचलून घ्यावासा वाटला. काही म्हणतात, तो जिवंत आहे याचाच तिला राग आला. मला विचाराल तर दोन्ही खरं असणार.

"आणा कुणीतरी ती चकमक इकडं," ती म्हणाली. "नव्या आगीनं मागून न्यावं असं लेकरू माझ्या घरात आता उरलेलं नाही. मी पाडते."

दाराबाहेर मका कुटायचा एक सपाट धोंडा होता. त्यावर तिनं वाळकं गवत ठेवलं आणि चकमक मारली. पहिल्याच ठिणगीला आग धरली. लोक खापरं घेऊन पुढं सरसावले, तशी ती ओरडली, "थांबा! आधी ऐका. आजपासून विस्तव घेऊन कुणी कुणाच्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. आजारी घरात तर नाहीच नाही. आपापल्या दाराबाहेर धोंडा ठेवा. देणाऱ्यानं आग त्यावर ठेवायची, हाक मारायची आणि मागं फिरायचं. आतल्यानं मग येऊन न्यायची. माया आली तरी आत जायचं नाही. ऐकलंत? माया आली तरी नाही!"

लोकांनी एकेक करून विस्तव उचलला आणि गेले. शेवटी धोंड्यावर मूठभर निखारे राहिले. जेथ्रो म्हणाला, "केझी, आपल्यालाही घेऊ."

"तुम्ही घ्या आणि गोठ्यात पेटवा," ती म्हणाली. "या घरात नको."

त्यानंतर केझायाच्या घरात आग पेटली नाही. जेथ्रोनं गोठ्यालगत छपरी घातली, तिथं तो मक्याची भाकरी भाजायचा आणि गार झाल्यावर तिला आणून द्यायचा. त्यानं तिला सोडलं नाही. "सोडलं असतं तर बरं झालं असतं," असं तीच म्हणायची. हिवाळ्यात ती त्या गार घरात घोंगडी लपेटून बसायची. असं म्हणतात की त्या घराच्या छपरावरचं बर्फ मे महिन्यातही वितळत नसे, अंगणात फुलं आलेली असली तरी.

काही वर्षांनी घटसर्प पुन्हा आला. या वेळी खोऱ्यातलं कुणी कुणाच्या घरात शिरलं नाही. विस्तव धोंड्यावर, भाकरी धोंड्यावर, दूध धोंड्यावर. हाक मारायची आणि मागं फिरायचं. रोग आला तसा खालच्या खालीच संपला, एक-दोन घरं सोडून पुढं चढलाच नाही. पार्थेना ऊर फुटेस्तोवर धावत वर आली आणि अंगणातूनच ओरडली, "मावशी, थांबला गं! पोरं वाचली! तुझ्या त्या एका शब्दानं सगळी वाचली!"

तिला वाटलं होतं, मावशीला थोडं तरी बरं वाटेल.

केझाया आतून म्हणाली, "मग हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

पार्थेना अंगणात उभी राहून रडली आणि खाली गेली.

केझाया म्हातारी होऊन गेली. फार जगली, आणि तेच तिचं मोठं दुर्दैव. मेली तेव्हा बायका जमल्या. प्रेताजवळ रात्रभर जागायचं तर घरात ऊब हवी, म्हणून त्यांनी तिच्या चुलीत आग घालून बघितली. लाकूड कोरडं, निखारे लाल, पण त्या चुलीनं आग धरली नाही. शेवटी त्यांनी तशाच, शाली पांघरून, गारठ्यात रात्र काढली. तिला पोरांशेजारी पुरलं.

आता त्या खोऱ्यात डांबरी रस्ता आहे. वीज आहे, घरं गरम करायची यंत्रं आहेत. निम्मी माणसं शहरांत कारखान्यांत गेली. पण टॅकेट खोऱ्यातला माणूस कुठंही असो, विचारा त्याला, तो सांगेल, केझाया आमची म्हातारी. प्रत्येक घर तिला आपल्या घराण्यात धरतं. मुलं विचारतात, म्हणजे ती कुणाची आई? कुणाची आजी? मग मोठी माणसं विषय बदलतात.

हिवाळ्यात एक दिवस ती सगळी घरी येतात. सकाळपासून खोऱ्यातली सगळी आग बंद. यंत्रं बंद, शेगड्या बंद, दिवे बंद. गार भाकरी खायची. कुणी कुणाच्या घरात जात नाही. पोरं कुडकुडतात, कुरकुर करतात, पण त्या दिवशी त्यांना कुणी रागवत नाही. दुपारी सगळे वर चढतात, जिथं तिचं घर होतं तिथं. घर कधीच पडलं, धोंडा आहे. त्या धोंड्यावर नवी आग पाडायची ती चकमकीनंच, आणि ती पाडायची जिचं मूल गेलंय अशा बाईनं. दुसऱ्या कुणी पाडायची नाही. ती पाडते, बाकीचे विस्तव नेतात, आणि दिवस मावळायच्या आत प्रत्येक घरात तिच्या हातची आग असते. त्या दिवशी तिला कुणी दोन शब्द समजुतीचेसुद्धा सांगत नाही. नुसती आग घेतात, मान लववतात आणि निघतात.

हे ठरलं तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं म्हणे, की समजा एखाद्या वर्षी खोऱ्यात अशी बाईच नसली, तर काय करायचं? लोक म्हणाले, तशी वेळ आली तर बघू.

इतकी वर्षं झाली. तशी वेळ अजून आलेली नाही.